विद्यापीठ संघाने सरकारी विद्यापीठांसाठी उघडपणे बोलावं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भारतीय विद्यापीठ संघाला, म्हणजे आपण ज्याला एआययू म्हणतो त्याला, मार्च २०२५ मध्ये शंभर वर्षं पूर्ण झाली. पण कॉलेजच्या बाहेरच्या माणसाला विचारलं तर ही संघटना नक्की काय करते हे बहुतेकांना सांगता येणार नाही, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण सरकारी विद्यापीठांची आज जी अवस्था आहे त्यात त्यांच्या बाजूने बोलणारं कोणीतरी देशपातळीवर असायलाच हवं.

१९२५ साली ‘इंटर युनिव्हर्सिटी बोर्ड’ या नावाने हे सुरू झालं. तेव्हा देशात विद्यापीठं मोजकीच होती, एकाची डिग्री दुसऱ्याने मानायची की नाही इथूनच प्रश्न होते, म्हणून एकत्र बसायची गरज पडली. आताचं नाव १९७३ पासूनचं. डॉ. राधाकृष्णन, डॉ. झाकिर हुसेन अशी माणसं याचे अध्यक्ष होऊन गेली. यूजीसी, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग, याच्या कितीतरी नंतर आली, १९५३ ला, आणि तिचा कायदा १९५६ चा. फरक एवढाच की यूजीसीकडे कायदा आहे आणि अनुदानाची चावी आहे, एआययू ही सोसायटी म्हणून रजिस्टर झालेली संघटना आहे, ती कोणाला आदेश देऊ शकत नाही. पण ती बोलू शकते ना! तिचं खरं बळ तिथेच आहे असं मला वाटतं.

विद्यार्थ्यांना एआययू माहीत असते ती परदेशी डिग्रीच्या इक्विव्हॅलन्स सर्टिफिकेटमुळे, म्हणजे ती डिग्री इथल्या डिग्रीच्या बरोबरीची आहे या दाखल्यामुळे, नाहीतर इंटर युनिव्हर्सिटी स्पर्धा आणि युथ फेस्टिव्हलमुळे. यातलं सर्टिफिकेटचं काम एप्रिल २०२५ च्या नवीन नियमांनी यूजीसीने बऱ्याच अंशी स्वतःकडे घेतलं. खेळांचं म्हणाल तर जुलै २०२५ मध्ये जर्मनीत झालेल्या वर्ल्ड युनिव्हर्सिटी गेम्सला एआययूकडून बॅडमिंटनचे १२ खेळाडू गेले आणि त्यातल्या ६ जणांना कागदपत्रांच्या गोंधळामुळे कोर्टवर उतरताच आलं नाही, उरलेल्या मुलांनी तरीही ब्राँझ आणलं. त्या ६ मुलांची काय चूक होती? एवढ्या वर्षांची मेहनत करून तिथपर्यंत पोचायचं आणि ऑफिसातल्या कोणाच्या तरी हलगर्जीपणामुळे बाहेर बसायचं, हे कोणत्याही संघटनेने विसरू नये.

आता मूळ मुद्द्यावर येते. नीती आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्यांच्या सरकारी विद्यापीठांवर एक अहवाल काढला, त्यात दिलंय की देशातले ८० टक्क्यांहून जास्त विद्यार्थी याच विद्यापीठांत शिकतात आणि शिक्षकांच्या ४० टक्क्यांच्या वर जागा रिकाम्या आहेत. मी आयुष्यभर शिकवलंय, त्यामुळे रिकामी जागा म्हणजे वर्गात काय होतं ते मला माहितीय. एकच माणूस तीन पेपर शिकवतो, सीएचबीवरच्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या, शिक्षकाला महिनोन्‌महिने मानधन मिळत नाही, पीएचडीला गाइड मिळत नाही, आणि मग दर्जा तपासणारं नॅक आलं की सगळे फाइली भरत बसतात. हा प्रश्न एकट्या कुलगुरूने उचलायचा म्हटलं तर अवघड असतं, कारण ज्यांनी त्यांना नेमलंय आणि ज्यांच्याकडून पैसे यायचेत त्यांच्याशीच वाद घालायचा असतो. सगळी विद्यापीठं मिळून बोलली तर कोणा एकावर राग निघत नाही, संघटना काढायची ती यासाठीच.

जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने कुलगुरू निवडीच्या नियमांचा मसुदा काढला, शोध समितीत राज्य सरकारचा प्रतिनिधी नाही आणि उद्योग किंवा प्रशासनातला अनुभवी माणूसही कुलगुरू होऊ शकेल असं त्यात होतं. केरळ, तमिळनाडू, कर्नाटक या राज्यांनी विरोध केला, बाजू घेणारेही होते. माझं स्वतःचं मत विरोधात आहे पण ते बाजूला ठेवू. एवढ्या मोठ्या बदलावर विद्यापीठांना एकत्रितपणे काय वाटतं हे पेपर वाचणाऱ्या साध्या माणसापर्यंत पोचायला हवं की नको?

दक्षिण आफ्रिकेत २६ सरकारी विद्यापीठांची एक संघटना आहे, ती विद्यार्थ्यांच्या सरकारी मदतीचे पैसे, अनुदान, फी यावर उघडपणे भूमिका मांडते. आपल्याकडे एआययूमध्ये केंद्रीय, राज्य, अभिमत, खाजगी सगळेच सभासद आहेत. खाजगी विद्यापीठांबद्दल मला आकस नाही, पण त्यांची गरज वेगळी आणि ज्या राज्य विद्यापीठाला चार चार वर्षं भरतीची परवानगी मिळत नाही त्याची गरज वेगळी, दोघांना एकाच ठरावात बसवलं की ठराव गुळगुळीत होतो. अध्यक्षही दरवर्षी बदलतो, पाठपुरावा करणार कोण?

म्हणून माझी साधी मागणी आहे. एआययूने सरकारी विद्यापीठांचा वेगळा कायमस्वरूपी गट करावा, त्यात फक्त कुलगुरू न घेता शिक्षक आणि विद्यार्थीही घ्यावेत. त्यांचं ‘युनिव्हर्सिटी न्यूज’ हे साप्ताहिक आहेच, त्यात दरवर्षी विद्यापीठवार मंजूर पदं किती, भरलेली किती, अनुदान किती आलं आणि कधी आलं हे छापावं, आणि तोच तक्ता राज्य भाषांतल्या पेपरांनाही पाठवावा. तुम्ही तो छापाल अशी आशा आहे.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका