शिवसागराच्या पाण्याखालचा इतिहासही पर्यटकांना सांगायला हवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीत तापोळा-बामणोली परिसरावर प्रसिद्ध झालेला लेख मनापासून वाचला. छायाचित्रे सुरेख होती आणि राहण्या-जेवणाची माहितीही उपयुक्त होती. मात्र त्यात शिवसागर जलाशयाला ‘निसर्गाची देणगी’ म्हटले आहे, ते वाचून हे पत्र लिहावेसे वाटले. शिवसागर हे कोयना धरणाचे पाणी आहे आणि ते ज्या जमिनीवर उभे आहे, ती जमीन माणसांची होती.

महाबळेश्वरच्या पर्यटनाचा इतिहास आपल्याकडे चांगला नोंदलेला आहे. 1824 मध्ये ब्रिटिश अधिकारी जनरल लॉडविक येथे चढून आले, पुढे मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी 1829 मध्ये करार करून वाई भागातल्या खंडाळा गावाच्या मोबदल्यात ही जागा मिळवली आणि माल्कमपेठ, म्हणजे आजचे महाबळेश्वर, वसली. ज्या वेण्णा तलावात आज नौकाविहारासाठी रांगा लागतात, तो प्रतापसिंहांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनी 1842 मध्ये बांधवला, तो पाण्याच्या सोयीसाठी. होड्या नंतर आल्या. येथे तुरुंगात ठेवलेल्या चिनी कैद्यांनी बटाटा आणि विलायती भाज्यांची लागवड केली, हेही लिहिलेले आढळते. सांगायचे एवढेच, की डोंगरमाथ्यावरच्या एका तलावामागची माणसे आपल्याला नावानिशी ठाऊक आहेत आणि खालच्या खोऱ्यातल्या कितीतरी मोठ्या जलाशयामागची माणसे मात्र पर्यटकांसाठी छापलेल्या मजकुरात जवळजवळ कोठेच दिसत नाहीत.

कोयनेच्या विजेने 1962 पासून महाराष्ट्रातले कारखाने आणि घरे उजळली, याचा मला अभिमान आहे. सुमारे 105 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी साठवणारे हे धरण राज्याची गरज होती, याबद्दलही माझा वाद नाही. पण त्या पाण्याखाली कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्यांच्या काठची भातखाचरे, घरे, देवळे आणि पायवाटा गेल्या. माझ्या आईचे माहेर त्यांतलेच. आजोबांना सोलापूर जिल्ह्यात जमीन मिळाली. भाताच्या चिखलात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना उतारवयात ज्वारीचे रान शिकावे लागले. जे लोक वरच्या उतारांवर राहिले, त्यांचे जुने रस्ते बुडाले, आणि बाजाराला, दवाखान्याला किंवा एखाद्याच्या मयतीला जायचे तरी लाँचची वाट पाहण्यावाचून त्यांना गत्यंतर उरले नाही. आज ज्याला आपण ‘बोटिंग’ म्हणतो, त्याची येथली सुरुवात ही अशी अडचणीतून झाली आहे. पुढे 1985 मध्ये कोयना अभयारण्य घोषित झाले, तेव्हा या लोकांच्या वाट्याला आणखी निर्बंध आले.

गेल्या मे महिन्यात ऐंशी ओलांडलेल्या माझ्या मामांना घेऊन मी बामणोलीहून लाँचने गेलो होतो. पाणी बरेच उतरले होते आणि काठाची तांबडी माती उघडी पडली होती. एके ठिकाणी मामांनी लाँच थांबवायला सांगितली. भेगाळलेल्या गाळात काळ्या दगडांची एक ओळ दिसत होती. मामा त्या जोत्याच्या कडेकडेने चालत गेले, एका जागी थांबले आणि त्यांनी पायांतल्या वहाणा काढल्या. तेथे त्यांच्या घराचा उंबरा होता. लाँचमधल्या पुण्याच्या मुलांनी विचारले, ‘‘कसले दगड आहेत हो?’’ लाँचवाला म्हणाला, ‘‘जुनं गाव हाय.’’ ती मुले लगेच गप्प झाली आणि परत येताना मामांच्या शेजारी बसून त्यांनी गावाविषयी कितीतरी विचारून घेतले. पर्यटकाला हा इतिहास ऐकायचा नसतो, असे जे म्हटले जाते ते मला त्या दिवसापासून पटत नाही. धक्क्यावर परतल्यावर मी फलक पाहिला. त्यावर वासोटा किल्ला, त्रिवेणी संगम आणि प्रत्येक फेरीचे दर होते. बुडालेल्या एकाही गावाचे नाव नव्हते.

हे सगळे आताच लिहिण्याचे कारण म्हणजे ‘नवीन महाबळेश्वर’ हा याच परिसरात नवे गिरिस्थान विकसित करण्याचा शासनाचा प्रकल्प. 235 गावांचा त्याचा प्रारूप विकास आराखडा 2024 मध्ये जाहीर झाला आणि त्याबाबत जंगल, पाणी, उतारांवरची बांधकामे यांवर बरीच चर्चा झाली. ती आवश्यकच आहे. 2001 पासून महाबळेश्वर-पाचगणी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे आणि तेथील बांधकामांची दाटी आपण पाहतोच. परंतु पर्यटनाच्या नावाने या खोऱ्यातली जमीन पुन्हा एकदा हातची जाणार असेल, तर ज्यांची ती पहिल्यांदा गेली, त्यांचा प्रश्न आधी यावा, असे मला कळकळीने वाटते. धरणग्रस्तांचे पुनर्वसन इतक्या दशकांनंतरही पुरे झालेले नाही, आणि त्यासाठी कोयनानगरला त्यांना वेळोवेळी ठिय्या द्यावा लागला आहे. म्हणून लाँचचे आणि घरगुती निवासाचे परवाने देताना धरणग्रस्त कुटुंबांना पहिला हक्क असावा, आणि बामणोली, तापोळा येथील प्रत्येक धक्क्यावर पाण्याखाली गेलेल्या गावांची नावे कोरलेला दगडी फलक उभारावा, अशा दोन मागण्या मी आपल्या माध्यमातून शासनापुढे ठेवत आहे.

मामांना ही गावे आजही नदीच्या क्रमाने, खालून वर, न चुकता सांगता येतात. परतीच्या वाटेवर मी ती त्यांच्या तोंडून एका वहीत उतरवून घेतली आहेत. आपण ती छापणार असाल, तर वही घेऊन मी स्वतः आपल्या कार्यालयात येईन.

आपला,
एक वाचक, सातारा