खिद्रापूरच्या अंधाराबद्दल मंत्रीमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रीमहोदय,

सप्रेम नमस्कार.

त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री शिरोळ तालुक्यातल्या खिद्रापूरच्या मंदिरात कोपेश्वराचं दर्शन घेऊन परतताना माझी आई अंधारात उघड्या गटारात पडली. उजवं मनगट मोडलं. अजून प्लॅस्टर आहे. जन्मभर भाकऱ्या थापलेल्या बाईला आता घाससुद्धा भरवावा लागतो, आणि त्याचं तिला रडू येतं. ‘पुढच्या त्रिपुरीआधी वाटेवर दिवे लागतील,’ असं आपण भर सभेत म्हणाला होता. टाळ्या मीही वाजवल्या होत्या.

त्या रात्री लोक तिथे का जातात, हे आपल्याला ठाऊक आहे का? मंदिराच्या पुढच्या मंडपाचं, म्हणजे स्वर्गमंडपाचं, छत मधोमध गोल उघडं आहे. खाली गोल रंगशिळा, भोवती बारा खांब. मध्यरात्री चंद्र त्या गोलावर येतो आणि शिळा उजळते. आई तिथे नातवंडांना गोष्ट सांगत होती: सती यज्ञकुंडात गेली, शंकर कोपला, म्हणून हा कोपेश्वर. त्याची समजूत काढायला विष्णू आला, तो धोपेश्वर. गाभाऱ्यात दोघंही आहेत. आणि नंदी? सती त्याच्यावर बसून माहेरी गेली, म्हणून तो पलीकडे कर्नाटकातल्या यडूरला. पोरं तोंड उघडी टाकून ऐकत होती. ही गोष्ट परगावच्या माणसाला कुणी सांगायची? आमच्या आया गेल्या की ती गेलीच.

दक्षिणेच्या दाराशी यादव राजा सिंघणाचा शिलालेख आहे, साधारण 1213 सालचा. देवाच्या पूजेसाठी दान दिल्याचं त्यात कोरलंय. आठशे वर्षांपूर्वीच्या राजाचा शब्द आजही वाचता येतो आणि तुमचा वर्षभरही टिकत नाही. 2019 च्या महापुरात कृष्णेच्या पाण्याने शिरोळ तालुका बुडाला तेव्हाही पुढारी आले, होडीत बसून फोटो काढून गेले. विचारायला जावं तर एक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवतं, दुसरं तिसऱ्याकडे. पट्टी मात्र वेळेवर वसूल होते. आम्ही काय फक्त मतं द्यायला आणि गटारात पडायला आहोत?

वाटेवर दिवे, गटारावर झाकणं, बायकांसाठी पाणी असलेलं स्वच्छतागृह आणि रात्री परतायला कुरुंदवाडपर्यंत एसटी, एवढंच मागते आहे. काम कधी होणार ते तारखेसह लेखी कळवा. आता भाषण नको. महिनाभरात पत्र आलं नाही तर आईला घेऊन आपल्या बंगल्यावर येईन आणि उत्तर मिळेपर्यंत दारातून हलणार नाही.

शिवाजी पेठ, कोल्हापूर येथील एक लेक