धर्म, दंगल आणि तुझं ते एक वाक्य

कोल्हापूर

प्रिय सुहास,

तुझं पत्र पोचलं. घरच्या खबरा शेवटी लिहितो, आधी तुझ्या त्या वाक्याचा हिशेब करू. "देवधर्म बंद करा, दहशतवाद आपोआप थांबेल," असं ठोकून दिलंयस. पहलगामनंतर असं पुष्कळांना वाटलं. २२ एप्रिल २०२५ ला बैसरनच्या कुरणात धर्म विचारून गोळ्या घातल्या, २६ माणसं गेली, त्यात आपल्या महाराष्ट्रातली सहा. त्यानंतर टीव्हीवर कुणी "दहशतवादाला धर्म नसतो" म्हणायला लागला की माझंही डोकं फिरतं. मारणाराच जर धर्म विचारत होता, तर आपण तो शब्द गिळायचा कशासाठी?

तरी तुझं वाक्य मला मान्य नाही. लांब कशाला जातोस, आपल्याच गावाचं बघ. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून दिल्लीत झाला आणि आगी लागल्या कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात. ब्राह्मणांची घरं जाळली, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला. जाळणारे आणि ज्यांचं जळलं ते, दोघंही अंबाबाईपुढं हात जोडणारेच होते. तिथं देव कुठं आडवा आला? मारेकऱ्याची जात कळली, तेवढ्यावर गल्लीतला शेजारी दोषी ठरला. आपल्या आधीच्या पिढीतली माणसं हा विषय निघाला की गप्प बसायची, आठवतंय ना?

श्रीलंकेतल्या तमीळ वाघांचं, म्हणजे लिट्टेचं घे. कमरेला स्फोटकं बांधून मरायचं तंत्र त्यांनी इतकं घोटलं होतं की बाकीच्यांनी त्यांच्याकडून शिकावं. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींच्या पाया पडायला वाकलेली ती मुलगी स्वर्गासाठी मेली नव्हती. त्यांना वेगळा देश हवा होता. आणि गडचिरोलीत २०१९ च्या महाराष्ट्र दिनीच भूसुरुंगाने १५ पोलिसांना आणि त्यांच्या गाडीच्या चालकाला मारणारे नक्षलवादी तर देव मानतच नाहीत. देव गेला म्हणून बंदूक खाली ठेवली गेली, असं काही दिसत नाही.

पण यावरून धर्मवाले खूश होतील असंही मी काही लिहिणार नाही. धर्माकडं एक असं हत्यार आहे जे जातीकडं किंवा पक्षाकडं इतकं धारदार नसतं. १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत ओम शिनरिक्यो पंथाच्या लोकांनी सरीन वायू सोडला. त्या टोळीत एक हृदयावर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर होता, विज्ञानाचे पदवीधर होते. त्यांच्या गुरूने शिकवलं होतं की पापात बुडालेल्याला मारलं तर त्याच्या आत्म्याचं भलंच होतं! आदल्या वर्षी हेब्रॉनच्या मशिदीत नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घालणारा ज्यू माणूसही डॉक्टरच. गरिबी, अडाणीपणा, बेकारी ही आपली नेहमीची कारणं या दोघांना लागू होत नाहीत. ज्या हातांना जीव वाचवायची सवय होती त्यांना मारताना संकोच वाटला नाही, कारण वरून परवानगी आहे अशी खात्री होती. जमिनीसाठी लढणारा निदान तडजोडीला बसू शकतो. देवाच्या वतीने लढणाऱ्याला तडजोड म्हणजे पाप.

म्हणूनच आपले कीर्तनकार, मौलाना, स्वामी सगळे जे एका सुरात म्हणतात, "तो खरा धर्मच नव्हे," ते मला पळवाटीसारखं वाटतं. मारणारा तुमचाच ग्रंथ वाचून आला, तुमच्याच शब्दांत बोलतोय. त्याला परका म्हणून हात झटकले की काम संपतं होय?

७ जून २०२३ तुला फोनवर सांगितला होता, पण धड सांगता आलं नव्हतं. शिवराज्याभिषेक दिनाचा दुसरा दिवस. कुणीतरी मोबाईलवर औरंगजेबाचं स्टेटस ठेवलं आणि शिवाजी चौकात गर्दी जमली. मी महाद्वार रोडच्या तोंडाशी होतो. पोरं मोटारसायकलवर तिघं तिघं येत होती, गळ्यात नवे करकरीत गमछे, काहींच्या घड्या पण मोडल्या नव्हत्या. शटर खाली ओढल्याचे आवाज आधी आले, मग दगड, मग अश्रुधूर. डोळे चोळत एका बोळात शिरलो तर तिथं एक सतरा-अठराचं पोरगं ओल्या रुमालाने तोंड पुसत उभं. "कशासाठी आलायस रं?" म्हटलं. "सगळी आली म्हणून." एवढंच. त्याला ना औरंगजेब कधी मेला ते ठाऊक, ना महाराजांच्या पदरी कोण कोण सरदार होते ते. श्रद्धा म्हणावी असं त्याच्याकडं काही दिसलं नाही मला. त्या दिवसापुरता कळप होता, आणि कुणीतरी बोट दाखवलेलं दुकान. मग इंटरनेट बंद झालं आणि अफवा तोंडी फिरायला लागल्या, त्या तर आणखी भारी.

तू म्हणशील, कोल्हापूर तर सलोख्याचं गाव. आहेच की. मोहरमला आजही तालमीत पंजे बसतात, मराठ्यांच्या घरचे नवस असतात, चोंगे आणि मलिदा हे मोहरमचे गोड पदार्थ घरोघर होतात. कुरुंदवाडात मशिदींत गणपती बसतो. हे सगळं मला जिवापाड प्रिय आहे. पण मलिदा खाल्ल्याने दंगल टळत नाही, हे त्या दिवशी दिसलं. पुढच्याच वर्षी जुलैत विशाळगडावरच्या अतिक्रमणाच्या वादाच्या निमित्ताने गजापुरात मशिदीची आणि घरांची नासधूस झाली. परंपरेच्या भरवशावर बसलेल्या गावाला दोनदा धक्का बसला.

मग टळतं कशाने? माझं मत विचारशील तर, आतल्या माणसाने अडवल्याने. आमच्या तालमीच्या ग्रुपवर अशाच एका आठवड्यात एक भडक व्हिडिओ आला. मी पुराव्यानिशी लांबलचक लिहिलं, पोरांनी त्यावर हसण्याची चिन्हं टाकली. संध्याकाळी वस्तादांनी, दर मंगळवारी अनवाणी देवीला जाणारा माणूस, एवढंच म्हटलं: "काढून टाक. आणि उद्या आखाड्यात येऊन मला तोंड दाखव." पाच मिनिटांत व्हिडिओ गेला. माझी पदवी तिथं चार आण्यालाही खपली नाही. तू देवधर्म बंद करशील तर आधी त्या वस्तादांनाच घरी बसवशील, आणि बोट दाखवणारा तर तसाच राहील. त्याला देव नाही मिळाला तर तो भाषा घेईल, जात घेईल.

शाहू महाराजांना हे उमगलं होतं असं मला वाटतं. पुरोहिताने त्यांच्यासाठी वेदमंत्र म्हणायला नकार दिला, त्या वेदोक्ताच्या अपमानानंतर त्यांनी धर्म टाकून दिला नाही. पुरोहितांची मक्तेदारी मोडली, पाटगावच्या मठावर क्षात्रजगद्गुरू म्हणून मराठा धर्मगुरू नेमला, आणि मुस्लिम पोरांसाठी बोर्डिंगही उभारलं. धर्मात शेवटचा शब्द कुणाचा, यावरच त्यांनी घाव घातला.

गोविंद पानसरेही तेच करत होते, फक्त बाहेर उभं राहून. कम्युनिस्ट माणूस, पण शिवाजी महाराजांबद्दल लिहिताना लोकांच्या जिव्हाळ्याला हात घालून लिहिलं. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून येताना गोळ्या घातल्या, चार दिवसांनी गेले. दोषी कोण ते न्यायालय ठरवेल. मला एवढंच खुपतं की नंतरच्या निषेध सभांना तुझ्या-माझ्यासारखी नेहमीची तोंडं होती, आणि देवळात रोज भेटणारी फार थोडी.

यावर तुझं म्हणणं सविस्तर कळव, पण "धर्म म्हणजे अफू" हे एका ओळीत लिहून मोकळा होऊ नकोस, ते मला पाठ आहे. घरी सगळे बरे. आईचा गुडघा पावसाळ्यात धरतो, बाकी ठीक. नोव्हेंबरात येणार असशील तर आधी कळव. वस्तादांशी तुझी गाठ घालून देतो, त्यांच्याशी भांड, माझ्याशी नको.

तुझा,
अरुण