‘तो मुलगा’: मित्रास पत्र

पुणे,
रविवार सकाळ

प्रिय दिलीप,

परवा फोनवर तू विचारलंस, “या वयात उर्दू कशाला शिकतोयस?” तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

‘वक़्त’मधला राजकुमारचा ‘चिनॉय सेठ’वाला संवाद तुला अजून पाठ असेल. गणपतीत शाळेच्या मैदानात पडद्यावर सिनेमा दाखवला होता आणि पुढे महिनाभर तू येणाऱ्याजाणाऱ्याला काचेच्या घरांचं ते वाक्य ऐकवत होतास. ते लिहिणारा माणूस म्हणजे उर्दू कवी अख़्तर-उल-ईमान. मलाही त्याचं नाव गेल्या वर्षीच कळलं. ‘धर्मपुत्र’ आणि ‘वक़्त’च्या संवादांसाठी त्याला फिल्मफेअर मिळालं. १९६० चा ‘कानून’, ज्यात एकही गाणं नाही, त्याचेही संवाद त्याचेच. साहिर, मजरूह, कैफी असे त्याच्या बरोबरीचे कवी सिनेमाची गाणी लिहीत होते, हा मात्र त्या वाटेला गेला नाही. पोटासाठी संवाद लिहिले आणि कविता बाजूला जपून ठेवली. तीही सुट्या शेरांची गझल नव्हे, तर नज़्म, म्हणजे एकाच विषयावरची सलग कविता. मुशायऱ्यात टाळ्या घेणारी नव्हे, एकट्याने दोनतीनदा वाचावी तेव्हा उलगडणारी. ‘यादें’ या संग्रहाला १९६२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, पण सामान्य वाचकाच्या तोंडी त्याचं नाव कधी फारसं आलंच नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं.

जन्म १९१५ चा, उत्तर प्रदेशातल्या बिजनौर जिल्ह्यातला. वडील मशिदीत इमाम, घरी गरिबी, आज या गावात तर उद्या त्या. आईवडील असूनही पोरगा दिल्लीच्या अनाथाश्रमात राहून शिकला. पुढे पुण्यात शालिमार स्टुडिओत नोकरीला होता, फाळणीच्या आधीची काही वर्षं. म्हणजे मी रोज हिंडतो त्याच गावात तोही हिंडला असणार! मग मुंबई, ती १९९६ मध्ये मरेपर्यंत.

आता ‘एक लड़का’बद्दल. याच कवितेसाठी मी अलिफ-बे, म्हणजे उर्दूची मुळाक्षरं, गिरवायला लागलो. तिचं मूळ त्यानेच सांगून ठेवलंय. लहानपणी एक गाव सोडताना सामान बैलगाडीत चढवत होते. समोर आमराया, त्यांत कोकिळा ओरडतायत, आणि हा गाडीशेजारी उभा राहून नुसता बघतोय. गाडी गेली, पण तो पोरगा तिथेच राहिला. कवितेत तो बांधांवरून, तळ्याकाठी, जत्रांमधून पळत असतो आणि मोठ्या झालेल्या कवीची पाठ सोडत नाही. कवीने पोटासाठी कुणापुढे पदर पसरला की हा येऊन विचारतो, “अख़्तर-उल-ईमान तुम ही हो?” शेवटी कवी चिडून म्हणतो, तो पोरगा कधीच मेला, मीच त्याला फसवणुकीचं कफन घालून पुरून आलो. त्यावर पोरगा हसतो आणि हळूच म्हणतो, खोटं आहे हे, “देखो मैं ज़िंदा हूँ”.

दिल्या, बाबांच्या बदलीचा हुकूम आला तो दिवस आठवतो तुला? लोखंडी पलंग, आईची शेगडी, फडक्यात बांधलेलं पितळी घंगाळ ट्रकमध्ये चढत होतं. तुळशीची कुंडी शेवटी जागा नाही म्हणून तुमच्या ओटीवर ठेवली. मी दहा वर्षांचा. तू चिंचेखाली हाताची घडी घालून उभा होतास, रडलाही नाहीस आणि बोललाही नाहीस. पहिल्यांदा ती कविता अडखळत वाचली तेव्हा मला तो ट्रकच दिसला. नोकरीत मीही जिथे मान हलवायला नको होती तिथे हलवली, तुला त्यातलं एखाददुसरंच माहीत आहे. मला तसं विचारणारं कुणीतरी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

आणखी एक छोटी नज़्म आहे, ‘अहद-ए-वफ़ा’. एका झाडाखाली लहान मुलगी रडतेय. जुनाट पदरातले फुलांचे दागिने दाखवून ती सांगते, माझा सोबती तिकडे गेलाय, जिकडे गिरण्यांच्या काळ्या चिमण्या आहेत. तुला सोन्याचांदीचे दागिने आणतो म्हणून गेलाय. त्याने तिला मारलेली हाक हाच कवितेतला शेवटचा शब्द आहे, ‘रामी’. आपल्या कोकणातल्या किती रामी अशा परळ-लालबागच्या चिमण्यांकडे डोळे लावून बसल्या! माझी थोरली आत्या त्यांतलीच. शिमग्याला यायचं म्हणून गेलेल्या माणसासाठी तिने किती शिमगे मोजले ते तुझ्या आईने पाहिलंय. कवी कुठला बिजनौरचा, पण ही कविता मला आमच्या माजघरात बसून लिहिल्यासारखी वाटते.

दोन्ही कविता देवनागरीत उतरवून सोबत पाठवतोय. अवघड शब्दांचे अर्थ पेन्सिलीने बाजूला लिहिलेत. मोठ्याने वाच, नुसती नजर फिरवू नकोस.

मे महिन्यात चार दिवस येतोय. ट्रक नक्की कुठे उभा होता, चिंचेच्या अलीकडे की पलीकडे, ते मला काही केल्या आठवत नाही. तुला आठवत असेल. आलो की दाखव.

काकूंना नमस्कार.

तुझा,
अनंता