रविवारची श्रवणबैठक: आठवण

मंडळी, उद्या संध्याकाळी साडेपाचला नेहमीच्याच घरी. या वेळी पियानो, व्हायोलिन आणि चेलो.

आधी ब्रिटिश संगीतकार रिबेका क्लार्कची १९२१ची त्रयी, म्हणजे या तीन वाद्यांसाठीची रचना. सुरुवातीलाच पियानोवर एकच सूर हातोडीसारखा आदळतो. तो पुढे तिन्ही भागांत वेष बदलून परत येतो, तेवढा कान देऊन पकडा. अमेरिकेतल्या कूलिज या संगीतरचना स्पर्धेत ही दुसरी आली आणि पुढे कित्येक वर्षं फारशी वाजलीच नाही. माझ्या मते पहिलीच यायला हवी होती, असो.

मग रशियन संगीतकार शोस्ताकोविचची पहिली त्रयी, १९२३ची, एकसलग. पोरगा जेमतेम सतराचा! पियानोच्या शेवटच्या काही ओळी हरवल्या होत्या, त्या शिष्य तिश्चेंकोने भरल्या.

चेलोचा खर्ज मोबाइलवर ऐकूच येत नाही, म्हणून याच. उशीर झाला तर बेल नको, दार लोटलेलं असेल.