शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र: शाळा बंद होती तेव्हा बाई घरी येत होत्या

प्रति,
माननीय शिक्षणमंत्री,
गुजरात राज्य, गांधीनगर

विषय: शिक्षकांची घरफेरी कामाच्या तासांत धरण्याबद्दल

महोदय,
सादर नमस्कार.

मी बडोद्याला वाडी भागात राहते. घरी शिवणकाम करते. माझी मुलगी सातवीत आणि मुलगा पाचवीत, दोघंही महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत आहेत आणि त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत मी पालकांतर्फे आहे. गुजराती मला बोलता येतं, वाचता येतं. बाजार, बँक, दवाखाना सगळं गुजरातीतच होतं. तरी हे पत्र मराठीत लिहिते आहे, कारण जे सांगायचं आहे ते आमच्या घरात मराठीत घडलं.

१६ मार्च २०२० ला शाळा बंद झाली तेव्हा आम्हाला वाटलं, पंधरा दिवसांची गोष्ट आहे. मुलीची दुसरीची परीक्षा राहिली ती राहिलीच. मास प्रमोशन मिळालं आणि ती तिसरीत गेली. मग २४ तारखेच्या रात्री लॉकडाऊन जाहीर झाला. मुलांचे बाबा मकरपुऱ्याला एका कारखान्यात कामाला होते, ते काम थांबलं. माझं शिवणही थांबलं, कारण लग्नसराई गेल्यावर ब्लाउज कोण शिवायला टाकणार? त्या दिवसांत मुलीच्या शाळेतल्या बाईंचा फोन आला. अभ्यासाचं त्यांनी काही विचारलं नाही. विचारलं एवढंच, "चूल पेटते ना?"

बाईंचं नाव मी लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. त्या आता निवृत्त झाल्या आहेत. त्यांच्या वर्गातली बरीच मुलं खानदेशातून इथे पोट भरायला आलेल्या घरांतली. शाळेच्या रजिस्टरमधले कितीतरी नंबर लागत नव्हते, रिचार्ज संपलेला होता. शिक्षकांना तेव्हा रेशनच्या दुकानावर आणि सर्वेक्षणाला ड्युटी लागली होती. बाई रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येक बाईला विचारायच्या, अमक्याची आई कुठे दिसली का? अशी त्यांनी मुलं शोधून काढली. काही कुटुंबं नंदुरबार, नवापूरकडे गावी निघून गेली होती. तिथल्या शाळेतल्या गुरुजींना बाईंनी फोन केला, माझी दोन मुलं तुमच्या गावात आहेत, त्यांच्याकडे लक्ष असू द्या.

मग टीव्हीवर पाठ सुरू झाले. ज्यांनी ते केले त्यांनी मेहनत केली होती, आणि गुजराती माध्यमाच्या मुलांना त्यांचा उपयोगही झाला असेल. आमच्या घरात काय झालं ते सांगते. गणिताचा पाठ लागला होता. मुलीने विचारलं, "आई, ‘प’ अधिक तीन म्हणजे काय गं?" गुजराती पाचाचा आकडा मराठी ‘प’सारखा दिसतो, महोदय. बेरजेला तिथे सरवाळो म्हणत होते, वजाबाकीला बादबाकी. मोठ्या माणसाला हा फरक दोन मिनिटांत कळतो. सात वर्षांच्या मुलीला शिक्षक समोर नसताना, एका हाताने भावाला सांभाळत हे कळायचं, तेवढ्यात पुढचं उदाहरण येऊन जायचं. चौथ्या दिवशी ती टीव्हीसमोर बसेना. मला काही येत नाही, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "टीव्ही राहू दे. रात्री साडेआठला फोन करते."

साडेआठ का? कारण लॉकडाऊन सैल झाला होता, मुलांचे बाबा मिळेल त्या कामाला जात होते आणि घरातला एकुलता एक फोन त्यांच्याबरोबर जायचा. कुठल्या घरी फोन किती वाजता येतो हे बाईंनी एका वहीत लिहून ठेवलं होतं. आमचा वार मंगळवार. मुलीने चार ओळी वाचायच्या आणि बाईंनी ऐकायच्या. अडखळली तर त्या गप्प राहायच्या, शब्द पुरवायच्या नाहीत. मला ते बघवायचं नाही. मी मागून कुजबुजत सांगायला गेले की फोनमधून आवाज यायचा, "आई, तिला काढू दे." त्या दहा मिनिटांसाठी माझी मुलगी दुपारपासून तोच धडा घोकत असायची. वेणी घालून बसायची. फोनवर वेणी दिसत नाही हे तिला कळत नव्हतं असं नाही.

हातच्याची वजाबाकी मला स्वतःला शिकवता येत नव्हती. मला येत होती, पण ‘शेजारून एक घेतला’ म्हणजे काय घेतलं हे सांगता येत नव्हतं. बाई म्हणाल्या, घरात काड्या आहेत का? काड्या नव्हत्या, गुंड्या होत्या, शर्टाच्या, डबा भरून. मग दहा-दहा गुंड्या दोऱ्यात ओवून माळा केल्या. बावन्नातून सतरा काढायचे तर एक माळ तोडावी लागते. माळ तोडली, गुंड्या जमिनीवर पसरल्या, आणि मुलगी ओरडली, "म्हणजे दहा सुटे आले!" त्या डब्यातल्या काही माळा मी अजून मोडलेल्या नाहीत.

अभ्यासाची पानं बाई हाताने लिहायच्या, झेरॉक्स स्वतःच्या पैशाने काढायच्या आणि आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात ठेवायच्या. दुधाची पिशवी घेताना आयांनी पान घ्यायचं, शनिवारी सोडवलेलं परत द्यायचं. बाई ती पानं एक दिवस वेगळी ठेवून मग तपासायच्या. प्रत्येक पानावर लाल शाईत मुलासाठी एक ओळ असायची. ‘छान’ एवढंच नाही, तर ‘तू सहा उलटा काढतोस, आज दहा वेळा सुलटा काढ’ अशी. पावसाळा संपल्यावर देवळाच्या ओट्यावर खडूने गोल आखून सहा-सहा मुलांना त्या बसवू लागल्या. माझा मुलगा त्या ओट्यावर पहिलीचा झाला. जून २०२० मध्ये त्याचं नाव पहिलीत घातलं आणि वर्गातल्या बाकावर तो पहिल्यांदा बसला २२ नोव्हेंबर २०२१ ला, तेव्हा तो दुसरीत होता. पण अक्षरं त्याला येत होती. जानेवारीत वर्ग पुन्हा बंद झाले तेव्हा घरात कुणी घाबरलं नाही, पानं कुठे मिळतात ते आम्हाला ठाऊक होतं.

२०२१ चा एप्रिल-मे मला फार लिहिता येणार नाही. आमच्या गल्लीतल्या एका मुलाची आई गेली. मुलगा बोलेनासा झाला. बाई रोज संध्याकाळी त्यांच्या दारात, लांब, खुर्ची टाकून बसायच्या आणि एक गोष्ट वाचून निघून जायच्या. तो ऐकतो आहे की नाही तेही विचारायच्या नाहीत. एका संध्याकाळी त्याने आतून सांगितलं की काल इथपर्यंत झालं नव्हतं, मधलं पान राहिलं आहे.

महोदय, या सगळ्या कामाची नोंद कुठेही नाही. हे पत्र त्यासाठी आहे.

समितीत आल्यावर मी शिक्षणहक्क कायदा वाचला. कलम २७ म्हणतं की शिक्षकाला शिकवण्याबाहेरची कामं देऊ नयेत. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक हे अपवाद. म्हणजे आपत्तीत शिक्षकाला रेशनच्या दुकानावर उभं केलं तर ती ड्युटी, तिचा आदेश निघतो, हजेरी लागते. आणि त्याच आपत्तीत तोच शिक्षक मुलाच्या घरी जाऊन त्याला वजाबाकी शिकवतो, ती मात्र त्याची स्वतःची हौस? कलम २४ शिक्षकाला पालकांना नियमित भेटायला सांगतं. ती भेट शाळेतच व्हावी असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. जी आई दिवसभर दुसऱ्यांच्या घरी भांडी घासते ती सकाळी अकराच्या पालकसभेला कशी येईल? बाई तिच्या घरी गेल्या तेव्हा ती पहिल्यांदा मुलाच्या अभ्यासाबद्दल बोलली.

आता तर लॉकडाऊन नाही, असं कुणी म्हणेल. आमच्या गावाला शाळा बंद व्हायला लॉकडाऊन लागत नाही. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस पडला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट असताना पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. शाळा बंद, वीज बंद. कितीतरी घरांत दप्तरं, पुस्तकं चिखलात गेली. अशा वेळी मोबाइल आणि ॲप काय कामाचे? चार्जिंगच नव्हतं. पाणी ओसरल्यावर मी शाळेत विचारलं, आपल्या मुलांपैकी कुणाच्या घरात पाणी शिरलं? नव्या बाई चांगल्या आहेत, मन लावून शिकवतात, पण त्यांना सांगता येईना. कोण कुठे राहतं हे त्यांनी पाहिलेलं नव्हतं, आणि पाहायला त्यांना वेळ कुणी दिलेला नव्हता. जुन्या बाईंनी निवृत्त होताना वही माझ्याकडे दिली होती. ती घेऊन मी नव्या बाईंबरोबर निघाले. वहीतले अर्धे पत्ते बदलले होते. भाड्याची घरं ती. चार वर्षांत वही जुनी झाली होती.

म्हणून माझी मागणी लहान आहे. पंधरा दिवसांतून एक दुपार प्राथमिक शिक्षकांना घरफेरीसाठी द्या. ती कामाच्या तासांत धरा, तिचा लेखी आदेश काढा. त्या दुपारी त्यांच्यावर ऑनलाइन माहिती भरण्याचं काम नको. फेरीची नोंद ठेवायला एक साधी वही पुरे. कृपा करून तिचंही ॲप करू नका, नाहीतर बाई मुलाच्या तोंडाकडे बघायच्या ऐवजी फोटो काढत बसतील. शिक्षक बदलला, निवृत्त झाला, तर वही शाळेत राहावी आणि पुढच्याने ती पुढे चालवावी.

आणि शाळा बंद असतानाच्या अभ्यासाची छापील पानं प्रत्येक शाळेत आधीच तयार असावीत, ज्या माध्यमाची शाळा त्या भाषेत. मूल शक्यतो मातृभाषेत शिकावं असं कलम २९ सांगतं, २०२० चं राष्ट्रीय धोरणही निदान पाचवीपर्यंत जमेल तिथे तेच सांगतं. मराठी, हिंदी, उर्दू माध्यमाची मुलंही या राज्याचीच आहेत. त्यांची पानं गुजराती पानांबरोबर त्याच दिवशी यावीत. आधी गुजरातीत, मग जमलं तर भाषांतर, असं झालं की आमच्या मुलांचा तो महिना जातो.

हे बडोद्यात होऊ नये असं काय आहे? महाराज सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेलीला सक्तीच्या मोफत शिक्षणाची सुरुवात केली आणि १९०६ पर्यंत ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. देशाचा शिक्षणहक्क कायदा लागू व्हायला २०१० उजाडलं. १९१० मध्ये महाराजांनी बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना अमेरिकेहून बोलावून घेतलं आणि पुढे पुस्तकांच्या पेट्या इथून गावोगाव फिरू लागल्या. वाचणाऱ्याला पुस्तकापर्यंत येता येत नसेल तर पुस्तकाने त्याच्यापर्यंत जावं, हे या गावात तेव्हा सरकारी काम होतं, त्याला माणसं आणि पैसे नेमून दिलेले होते. बाईंनी किराणा दुकानात पानं ठेवली ती त्याच गावात, फक्त पैसे त्यांचे स्वतःचे होते.

खर्चाचा प्रश्न येईल हे मला माहीत आहे. महिन्यात दोन दुपारी आणि प्रत्येक मुलामागे काही छापील पानं, एवढाच तो आहे. माणसं नवीन लागत नाहीत. आदेश हवा आहे. पूर्ण राज्यात एकदम नको असेल तर बडोद्याच्या महापालिकेच्या शाळांत एक वर्ष करून पाहा. आमच्या समितीतल्या आया फेरीत बाईंबरोबर चालायला तयार आहेत. कुठली गल्ली कुठे निघते ते आम्हाला माहीत आहे, आणि एकट्या शिक्षिकेने अनोळखी चाळीत जायचं तर सोबत असलेली बरी.

बाईंची जुनी वही माझ्याकडे आहे. निळ्या पुठ्ठ्याची, दोनशे पानी. प्रत्येक मुलाला एक पान. फोन कुणाचा, किती वाजता मिळतो, घरात वाचता कुणाला येतं, शेजारी कोण मदत करेल, मूल कशाला घाबरतं. माझ्या मुलीच्या पानावर लिहिलं आहे: ‘वाचते बरं, पण चुकायला भिते. आईने मागून सांगू नये.’ त्या वहीत घराघरातल्या खाजगी गोष्टी आहेत, म्हणून तिची प्रत पाठवत नाही. पण आपण किंवा आपल्या खात्यातलं कुणी बडोद्याला आलात तर शाळेत बसून मी ती दाखवेन. शनिवारी शाळा सकाळची असते, त्यानंतर कधीही या. नव्या बाईंनी नवी वही घेतली आहे. तिची पहिली अकरा पानं भरली आहेत, तीही रविवारी फिरून.

आपली नम्र,
एक पालक, सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती
वाडी, बडोदे