सही मी केली

खानापूर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

पुण्याला पोचल्याचा फोन सूनबाईनं केला, तू नाही. इथं दोन दिवस होतास, पण माझ्याशी धड बोलला नाहीस. राग बाटलीचा असेल तर कबूल आहे. सायकलवाल्याकडनं सुटं ॲसिड घ्यायचं आणि थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून न्हाणीत ठेवायचं, ही खोड माझीच. पिवळसर पाणी, पोराला सरबत वाटलं नि ते प्यायलं. त्यावर बोलायला मला तोंड नाही.

पण तू सूनबाईला म्हणत होतास ते मी ऐकलं. ‘तोंडात एवढंसं लाल झालं होतं, मग चार वर्षांच्या पोराच्या पोटात दुर्बीण कशाला घालू दिली? मी आल्यावर पुण्यात नेऊन दोन-चार दिवसांनी दाखवलं असतं.’ त्यासाठी हे पत्र.

त्या दिवशी मी मिठाचं पाणी पाजून त्याला ओकायला लावणार होते. शेजारच्या सिस्टर धावत आल्या आणि माझा हात धरला. उतरताना भाजतं ते वर येताना परत भाजतं, आणि श्वासात गेलं तर फुप्फुसं जातात. कोणी म्हणालं, खायचा सोडा पाजा. त्यालाही त्यांनी नको म्हटलं, आत गॅस नि उष्णता होते म्हणून. चूळ भरायला लावली, कपडे बदलले, बाटली बरोबर घेतली नि बेळगावची वाट धरली. पिरनवाडी येईस्तोवर पोराची लाळ गळायला लागली. थुंकी गिळत नव्हतं रे ते.

तिथं आधी छातीचा एक्स-रे काढला. आत कुठं भोक पडलं असेल तर दुर्बीण घालत नाहीत म्हणे. मग सहीचा कागद आला, कन्नडात नि इंग्रजीत. डॉक्टरांनी अर्धं कन्नड, अर्धं मराठी करून समजावलं. मीही तुझ्यासारखंच विचारलं, तोंड तर बरं दिसतंय की? ते म्हणाले, तोंडावरून आतलं ओळखता येत नाही. तोंड साफ आणि अन्ननलिका भाजलेली, असं होतं. याच्या उलटही होतं. ॲसिड बऱ्याचदा अन्ननलिकेतून भरभर उतरतं आणि जठराच्या खालच्या तोंडाशी तुंबून तिथं जाळतं. कॉस्टिक सोड्याची तऱ्हा निराळी, तो मांस विरघळवत खोल शिरतो.

आणि थांबायचं म्हणत होतास ना? दुर्बीण पहिल्या 24 तासांत, फार तर 48 तासांत घालायची. पाचव्या दिवसापासून पुढं दोनेक आठवडे भाजलेली भिंत ओल्या पापडासारखी होते, तेव्हा हात लावला तर फाटायची भीती. म्हणजे तू म्हणत होतास नेमका त्याच दिवसांत आपण तिथं पोचलो असतो. तुझा फोन लागत नव्हता. सही मी केली.

भूल देऊन आत नेलं. बाहेर बाकावर मी आणि ती बाटलीची पिशवी.

भाजण्याला ग्रेड असतात, 0 ते 3, त्यात 2 आणि 3 चे अ-ब भाग. चंदीगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी इस्पितळात झरगर नावाच्या डॉक्टरांनी 1991 साली ही वर्गवारी मांडली. जगभर तीच वापरतात. मी जन्मभर पोरांना ग्रेड दिले, पण नातवाचा ग्रेड ऐकायला उभी राहिले तेव्हा गुडघे लटपटत होते. 2-अ निघाला. वरवरचे व्रण, पण नळीला गोल वेढा नाही. वेढा असता तर 2-ब. मग काही आठवड्यांनी नळी आकसण्याची भीती, आणि आकसली की फुग्यानं रुंद करत महिनोन्महिने दवाखान्याच्या खेपा. 2-अ होता म्हणूनच दुसऱ्या दिवशी दूध आणि पातळ पेज चालू करता आली. हे आत बघितल्याशिवाय कळलं नसतं.

तिसऱ्या आठवड्यात बेरियम, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारं पांढरं औषध, पाजून नळीचा फोटो काढायचा आहे, चुकवू नको. पोर खेळायला लागलं म्हणून आपल्याला वाटतं संपलं, पण आकसणं असतं ते तेव्हाच सुरू होतं. घास अडकतो म्हणाला, जेवताना सारखं पाणी मागायला लागला, तर तारखेची वाट बघू नको. तोवर भाकरी मागितली तरी दुधात कुस्करून.

फोटो काढलास की मला व्हॉट्सॲपवर पाठव. त्यातलं आता थोडं कळतं मला.

तुझी
आई